बॉम्ब कुठे पडले आणि बदला कोणी मागितला



या अंकात इयत्ता नववीच्या एका विद्यार्थिनीचा निबंध छापला आहे. तो छापावा की छापू नये यावर आमच्या स्टाफरूममध्ये बराच वाद झाला. प्रार्थनेच्या वेळी तो वाचला गेल्यावर दोन पालक मुद्दाम येऊन भेटून गेले आणि त्यांनी आपली नाराजी स्पष्ट शब्दांत सांगितली. तेव्हा तो का छापला हे सर्वांना सांगणे आमचे कर्तव्य आहे. ते सांगण्यासाठी आम्हाला थोडे लांब, १९४१ सालच्या इंग्लंडात जावे लागणार आहे. वाचकांनी तेवढा धीर धरावा.

आधी इथली हकीकत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली. मे महिन्याच्या ६ आणि ७ तारखेच्या मधल्या रात्री आपल्या सैन्याने कारवाई केली, आणि ७ तारखेच्या संध्याकाळी आपल्या ग्वाल्हेरसह देशातील अनेक शहरांत नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगे वाजले, दिवे मालवले. शाळेला उन्हाळी सुट्टी होती, तरी मुलांनी ती संध्याकाळ आपापल्या गच्चीवरून पाहिली. महाराजपुऱ्याचा हवाई दलाचा तळ आपल्या शहराला लागून आहे. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर मारा करणारी मिराज विमाने याच तळावरची. त्यामुळे विमानांचा आवाज आपल्या मुलांना नवा नाही, आणि त्या आवाजाचा त्यांना अभिमानही आहे. तो असावाच.

शाळा उघडल्यावर नववीच्या वर्गाला 'ती संध्याकाळ' या विषयावर निबंध लिहायला दिला. बहुतेक सर्व निबंध एकाच चालीचे निघाले. शत्रूला नकाशावरून पुसून टाका, त्याची शहरे बेचिराख करा, एकही घर उभे ठेवू नका. भाषा जोरदार होती. एका मुलाने तर किती दिवसांत काय काय उद्ध्वस्त करायचे याचे वेळापत्रकच दिले होते, आणि हाच मुलगा गृहपाठाचे वेळापत्रक कधीही पाळत नाही. असो.

एका मुलीचा निबंध मात्र वेगळा होता. तिचे वडील सैन्यात आहेत आणि नुकतीच त्यांची इकडे बदली झाली आहे. मे महिन्यात ती आई, आजी आणि धाकट्या भावाबरोबर जम्मूत होती. तिने शत्रूविषयी एक ओळही लिहिली नाही. आईने सगळ्यांच्या चपला दाराशी एका रांगेत लावून ठेवल्या होत्या, बादल्या भरून ठेवल्या होत्या, आजीची रक्तदाबाची गोळी अंधारात सापडेना, मोठा आवाज झाला की भाऊ आकडे मोजत असे आणि वीसपर्यंत पुन्हा आवाज आला नाही की झोपायला बघत असे, हे सगळे तिने लिहिले. शेवटी लिहिले, "तिकडच्या गावातसुद्धा कुणाची आजी असेल, तिला गोळी कोण शोधून देत असेल?" शिक्षकांनी दहापैकी पाच गुण दिले आणि खाली शेरा मारला, 'विषयांतर. देशप्रेमाची भावना दिसत नाही.'

आलेल्या पालकांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, सैनिकाच्या मुलीने असे लिहावे काय, आणि शाळेने ते सर्वांसमोर वाचून मुलांच्या मनात दुबळेपणा भरावा काय. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्याने युद्ध जवळून पाहिले तो दुबळा होतो का? या प्रश्नाचे उत्तर मतांनी नव्हे तर पुराव्याने देता आले तर बरे, असे आम्हाला वाटले, आणि असा एक पुरावा इतिहासात आहे.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तेव्हा दुसरे महायुद्ध म्हणजे कारण, घटना आणि परिणाम, प्रत्येकी पाच गुण, एवढेच आम्ही शिकलो होतो. लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लंडनची माणसे काय म्हणत होती, हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नाही. नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी वाचनात आले.

७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मनीच्या विमानांनी लंडनवर मोठा हल्ला केला आणि त्यानंतर, एखाद्या रात्रीचा अपवाद सोडला तर, सलग ५७ रात्री लंडनवर बॉम्ब पडत राहिले. मग इतर शहरांची पाळी आली. हे सत्र मे १९४१ पर्यंत चालले. ब्रिटनमध्ये सुमारे ४३ हजार नागरिक मारले गेले, त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या लंडनचे. लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपत, अंगणात पत्र्याची अर्धी पुरलेली खोपटी करून त्यात रात्र काढत, किंवा जिन्याखाली बसून राहत. सकाळी काचा झाडून कामावर जात.

त्याच काळात तिथे लोकमत मोजण्याचे शास्त्र नवीन आले होते. गॅलप पद्धतीने चाचण्या घेणारी एक संस्था लोकांना ठरावीक प्रश्न विचारी आणि 'न्यूज क्रॉनिकल' या दैनिकात निकाल छापले जात. १९४१ च्या वसंत ऋतूत या संस्थेने देशभर विचारले की, आपल्या हवाई दलाने जर्मनीतल्या नागरी वस्तीवर बॉम्ब टाकण्याचे धोरण स्वीकारले तर ते तुम्हाला मान्य आहे की अमान्य? प्रश्न शत्रूच्या कारखान्यांविषयी किंवा सैन्याविषयी नव्हता. सरळ सरळ साध्या माणसांच्या घरांविषयी होता. देशभरात निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी 'मान्य' म्हटले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तीच आकडेवारी प्रांतवार मांडली तेव्हा दिसले की बदल्याची सर्वांत जोरदार मागणी कंबरलंड, वेस्टमोरलंड आणि यॉर्कशायरचा नॉर्थ रायडिंग या भागांतून आली होती. तिथे सुमारे तीन चतुर्थांश लोकांना जर्मन नागरिकांवर बॉम्ब टाकायला हवे होते. हा भाग म्हणजे तलाव, डोंगर, मेंढ्या आणि लहान लहान गावे. तिथे बॉम्ब जवळजवळ पडलेच नव्हते. युद्ध त्यांच्याकडे येई ते रेडिओवरून, रेशनच्या पुस्तकातून आणि शहरांतून सुरक्षिततेसाठी पाठवलेल्या मुलांच्या रूपाने. आणि ज्या मध्य लंडनमध्ये घरांचे ढिगारे अजून उपसले जात होते, तिथे 'मान्य' म्हणणारे होते फक्त ४५ टक्के. त्याच एप्रिल महिन्यात लंडनवर असे दोन हल्ले झाले होते की प्रत्येकात हजाराहून अधिक माणसे गेली. तरीही ४५ टक्के.

विद्यार्थ्यांनी इथे क्षणभर थांबून विचार करावा. आपल्या मनाचा हिशेब याच्या उलट असतो. ज्याला जास्त लागले त्याला जास्त राग येणार आणि ज्याला लागलेच नाही तो शांत राहणार, असे आपण धरून चालतो. इथे ज्याला लागले नाही तो जास्त रागावलेला होता.

मग लंडनची माणसे खचली होती का, शरण जायला तयार झाली होती का? पालकांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तसे मुळीच नव्हते. त्याच संस्थेच्या चाचण्यांत पंतप्रधान चर्चिल यांच्या कामाला मान्यता देणाऱ्यांचे प्रमाण जुलै १९४० पासून युरोपातले युद्ध संपेपर्यंत ७८ टक्क्यांच्या खाली कधीच आले नाही. लंडनच्या गोद्या जळत होत्या आणि चालूही होत्या. माणसे लढायला तयार होती, सोसायला तयार होती. शत्रूच्या गावातले घर पाडल्याने आपले काही भले होईल, एवढेच त्यांतल्या पुष्कळांना पटत नव्हते. लढण्याची तयारी आणि बदल्याची भूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या मते आपल्या स्टाफरूममधला सगळा वाद या दोन गोष्टी एक समजण्यातून झाला.

नेत्यांनाही हा फरक दिसला नाही, किंवा पाहायचा नव्हता. लंडनच्या पूर्व भागात चर्चिल पाहणीला गेले तेव्हा गर्दीतून 'त्यांना परत द्या' अशा आरोळ्या आल्या आणि त्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. त्या खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. ताज्या ढिगाऱ्याजवळ उभा असलेला माणूस ओरडणारच. पण जुलै १९४१ मध्ये, म्हणजे वरील चाचणीनंतर दोन-तीन महिन्यांनी, चर्चिल यांनी लंडनमधल्या भाषणात सांगितले की शहरांवरचे हल्ले दोन्ही बाजूंनी थांबवावेत का असे लंडनच्या जनतेला मत विचारले, तर प्रचंड बहुमत नाही म्हणेल आणि शत्रूला मापाने, किंबहुना मापाहून अधिक, परत द्या असे सांगेल. लंडनला मत विचारले गेले होते. उत्तर तेवढे सरळ नव्हते.

असे का झाले असावे? आकडे कारण सांगत नाहीत, म्हणून पुढचे आमचे अनुमान आहे.

एक तर साधा स्वार्थ. आपण त्यांच्यावर टाकले तर ते पुन्हा आपल्यावर टाकतील, आणि टाकतील ते लंडनवर, कंबरलंडच्या मेंढ्यांवर नाही. यात थोर असे काही नाही, पण स्वतःच्या डोक्यावर काय येणार याचा विचार करणे मूर्खपणाही नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. लंडनच्या माणसाला 'बॉम्ब' हा शब्द ऐकला की वर्तमानपत्रातला मथळा दिसत नसे. त्याला भिंतीचा चुना, फुटलेल्या गटाराचा वास, एका बाजूने उघडी पडलेली आणि खुंटीवर कोट तसाच लटकत असलेली वरच्या मजल्यावरची खोली दिसे. 'जर्मन शहरावर बॉम्ब' म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर तीच खोली येणार. दूरच्या माणसाला 'शत्रू' दिसतो. जवळच्याला घर दिसते. आमच्या विद्यार्थिनीला आजीची गोळी दिसली, ती याच कारणाने.

आणि दूर असणाऱ्याच्या रागाला काही काम नसते. लंडनमध्ये राग आला तरी हातात फावडे होते. ढिगारा उपसायचा, शेजारणीला चहा द्यायचा, रात्री आगीवर पहारा करायचा. मनातला निम्मा राग तिथेच खर्च होई. डोंगरातल्या गावी रेडिओ ऐकून राग आला तर तो कुठे न्यायचा? आज घराघरात टीव्हीच्या आणि मोबाईलच्या पडद्यासमोर बसून जो राग येतो त्याचीही गत तीच, असे आमचे निरीक्षण आहे. मे महिन्यात आमच्याच कुटुंबाच्या मोबाईल गटावर जे वीर पुढे आले त्यांतले सीमेपासून सर्वांत दूर राहणारे सर्वांत शूर होते.

आणखी एक बाब. युद्धापूर्वी मोठमोठ्या जाणकारांचा समज होता की शहरांवर बॉम्ब पडले की जनता घाबरून सैरावैरा पळेल आणि सरकारला तह करायला भाग पाडेल. लंडनच्या लोकांनी स्वतःच्या देहाने पाहिले की तसे होत नाही. आपण मोडलो नाही तर तेही मोडणार नाहीत, हे त्यांना कोणा तज्ज्ञाने सांगण्याची गरज नव्हती. पुढे झाले तसेच. १९४२ पासून ब्रिटिश हवाई दलाने जर्मनीच्या शहरांवर सरसकट मारा सुरू केला. हॅम्बर्गला जुलै १९४३ च्या शेवटच्या आठवड्यात चाळीस हजारांच्या आसपास माणसे मेली, ड्रेस्डेनला फेब्रुवारी १९४५ मध्ये सुमारे २५ हजार. या मोहिमांत हवाई दलाच्या बॉम्बर शाखेचे ५५ हजारांहून अधिक वैमानिक आणि त्यांचे साथीदार कामी आले. युद्धानंतर अमेरिकनांनी केलेल्या पाहणीत दिसले की जर्मन लोकांचे मनोधैर्य खालावले होते, पण ते उठाव न करता कामावर जातच राहिले.

काही माणसांनी हे उघड बोलण्याची हिंमत केली. कॉव्हेंट्री नावाचे शहर १४ नोव्हेंबर १९४० च्या एका रात्रीत उद्ध्वस्त झाले. पाचशेहून अधिक माणसे गेली, जुने मोठे चर्च जळून नुसत्या भिंती राहिल्या. त्या चर्चचे प्रमुख रिचर्ड हॉवर्ड यांनी त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्या भग्न भिंतींतून रेडिओवर भाषण केले आणि सुडाचा विचार मनातून काढण्याचे आवाहन केले. पडझडीची धूळ बसायलाही वेळ झाला नव्हता. पुढे कॉव्हेंट्री आणि ड्रेस्डेन ही दोन शहरे एकमेकांची मित्रशहरे झाली. दुसरे नाव व्हेरा ब्रिटन या लेखिकेचे. पहिल्या महायुद्धात त्यांचा वाग्दत्त वर, सख्खा भाऊ आणि दोन जिवलग मित्र मारले गेले आणि त्यांनी स्वतः परिचारिका म्हणून जखमी सैनिकांची सेवा केली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जर्मन शहरांवरील सरसकट माऱ्याच्या विरोधात १९४४ साली पुस्तिका लिहिली. त्यांना पुष्कळ शिव्याशाप मिळाले. युद्ध काय असते हे माहीत नसलेली बाई, असे मात्र त्यांना कोणी म्हणू शकत नव्हते.

आमच्या व्यवस्थापन समितीतील एक ज्येष्ठ सदस्य सैन्यातून निवृत्त आहेत. त्यांनी हा मजकूर वाचून दोन आक्षेप घेतले. दोन्ही रास्त आहेत म्हणून इथे देतो. ते म्हणाले, "सर, अनुभवाने माणूस शहाणा होतोच असे नाही. हिटलर चार वर्षे खंदकात होता." खरे आहे. तो पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर होता, जखमी झाला होता, आणि त्यातून त्याने शिकला तो सूडच. जर्मन शहरांवर मारा करणारे ब्रिटिश सेनानी आर्थर हॅरिस यांनीही डिसेंबर १९४० मध्ये लंडन जळताना छतावरून स्वतः पाहिले होते. तेव्हा पाहणे म्हणजे समजणे नव्हे. (ढिगाऱ्याखालून पाहणे आणि छतावरून पाहणे यात फरक असावा, असे आम्ही म्हटले. ते नुसते हसले.)

दुसरा आक्षेप जास्त कठीण होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनची सात लाखांहून अधिक माणसे मेली. त्या अनुभवाने पोळलेल्या लोकांना १९३८ साली कोणत्याही किमतीवर युद्ध नको होते. चेंबरलेन म्युनिकहून हिटलरशी करार करून परतले तेव्हा लोकांनी रस्त्यांवर गर्दी करून त्यांचे स्वागत केले. त्या कराराची किंमत चेकोस्लोव्हाकियाने मोजली आणि वर्षभरात युद्ध व्हायचे ते झालेच. म्हणजे युद्ध पाहिलेल्यांचा नकारसुद्धा चुकू शकतो. यावर आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते आणि आजही नाही. एवढेच म्हणता येईल की म्युनिकचा प्रश्न लढावे की न लढावे हा होता, आणि १९४१ चा प्रश्न कसे लढावे हा होता. दुसऱ्या प्रश्नावर लंडनच्या माणसाचा शब्द आम्ही डोंगरातल्या माणसाच्या शब्दाआधी ऐकू. पहिल्या प्रश्नावर दोघांचेही ऐकावे लागेल.

आमच्या स्वतःच्या अनुभवाचे म्हणाल तर तो शून्य आहे. १९७१ च्या युद्धात आमचे वय तीन वर्षांचे. आई सांगत असे की लष्करातल्या आमच्या जुन्या वाड्यात खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला होता आणि ३ डिसेंबरला आग्र्यावर बॉम्ब पडल्याची बातमी आली तेव्हा आजोबांनी देवघरातले निरांजनही शांत करायला लावले. आग्रा इथून सव्वाशे किलोमीटरच्या आतच. आई एरवी भांडायला कमी नव्हती, पण त्या दिवसांची गोष्ट निघाली की शत्रूविषयी काही बोलत नसे, काळ्या कागदाविषयीच बोले. लहानपणी आम्हाला ती गोष्ट फारच नीरस वाटे. बॉम्ब, विमान, काहीच नाही, नुसता कागद आणि खळ. नववीचा तो निबंध वाचताना चपलांच्या रांगेपाशी आलो आणि आईचा कागद आठवला.

ज्या मुलांनी शहरे बेचिराख केली त्यांच्यावर आमचा राग नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे देशप्रेम खरे आहे. त्यांनी गच्चीवरून जे पाहिले त्यावर लिहिले, तिने दारातून जे पाहिले त्यावर लिहिले. गच्चीवरच्या निबंधांपैकी उत्तम असलेला एक याच अंकात तिच्या निबंधाशेजारी छापला आहे. दोन्ही वाचावेत, घरी मोठ्याने वाचावेत, आणि कुणाच्या घरी १९६५, १९७१ किंवा कारगिलच्या दिवसांची आठवण सांगणारे आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून पानभर लिहून आणावे. पुढच्या अंकात त्यातले निवडक देऊ.

गुणांचे म्हणाल तर संबंधित शिक्षकांशी आमचे बोलणे झाले. 'ती संध्याकाळ' हा विषय असताना संध्याकाळीच काय झाले ते लिहिणे हे विषयांतर कसे, असे विचारल्यावर त्यांनी वही पुन्हा मागवून घेतली. पाचाचे आठ झाले आहेत. शुद्धलेखनाच्या चुकांचे दोन गुण त्यांनी कापले ते योग्यच आहे, 'रक्तदाब' हा शब्द तिने तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिला आहे.